आयसीयूमधलं जेवण: किती, कधी आणि कुणाला?

(ऑडिओ भागाचं लेखी रूप. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

 

एरवी मी इथे फोन, अ‍ॅप्स, डेटा अशा गोष्टींवर बोलतो. आज जरा वेगळं. गेल्या वर्षी माझे मामा न्यूमोनियामुळे आयसीयूत होते. तेव्हापासून एका प्रश्नाने मला पकडून ठेवलंय: जो माणूस बेशुद्ध आहे, व्हेंटिलेटरवर आहे, त्याला जेवण किती द्यायचं, हे ठरतं कसं? मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. त्यामुळे हा भाग ऐकून कुणाचा डोस ठरवायला जाऊ नका. पण आज ना उद्या आपल्यापैकी अनेकांना आयसीयूच्या बाहेरच्या त्या खुर्च्यांवर बसावं लागतं. तेव्हा डॉक्टरांशी काय बोलायचं, हे कळलं तरी पुष्कळ.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे म्हणतात ना, "सलाईन चालू आहे, म्हणजे पोटात काहीतरी जातंय." साध्या मिठाच्या सलाईनमध्ये शून्य कॅलरी असतात. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण १७० कॅलरी. दोन पोळ्या समजा. सलाईनचं काम पाणी आणि क्षार देण्याचं आहे. खरं जेवण जातं ते नाकातून पोटात घातलेल्या नळीने, जिला सगळे राईल्स ट्यूब म्हणतात. आणि आतडं अजिबात काम करत नसेल, तर मोठ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या खास मिश्रणाने. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं असं सगळं असतं.

मामांच्या वेळी मामी रोज एकच विचारायची, "अहो डॉक्टर, पोटात काही गेलं का?" आजी तर फोनवरून सांगायची, "नारळपाणी तरी द्या रे त्याला." तिसऱ्या दिवशी कळलं की नळीतून ठरलेल्या आहाराच्या निम्मंच चाललंय. मामी घाबरली. मी त्या रात्री वाचायला बसलो आणि पहिला धक्का तिथेच बसला. ते निम्मं मुद्दाम ठेवलेलं होतं.

असं का करतात? बघा, निरोगी माणूस उपाशी राहिला तर शरीर काटकसरीला लागतं. जेवला की यकृत स्वतः साखर बनवणं थांबवतं. गंभीर आजारात हे गणित बिघडतं. जंतुसंसर्ग असो, मोठा अपघात असो किंवा भाजणं असो, शरीरात ताणाची हार्मोन्स उसळतात, इन्सुलिनचं ऐकलं जात नाही आणि यकृत साखर बनवतच राहतं. कच्चा माल कुठून आणतं? स्नायूंमधून. गंमत अशी की बाहेरून नळीने साखर दिली तरी आतला हा कारखाना पहिल्या काही दिवसांत बंद होत नाही. म्हणजे पेशंटच्या गरजेतला बराच मोठा भाग तो स्वतःच आतून पुरवत असतो. त्यावर आपण बाहेरून पूर्ण गरजेइतकं ओतलं, तर एकूण हिशेब गरजेच्या वर जातो. मग रक्तातली साखर वाढते, इन्सुलिन वाढवावं लागतं, कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला फुफ्फुसांना जादा काम पडतं. ज्याला आधीच श्वास घेता येत नाही, त्याच्यावर अजून ओझं.

आता तुम्ही म्हणाल, हे तर्काने ठीक आहे, पण कुणी तपासलं का? तपासलंय, आणि हजारो पेशंटवर.

पहिला मोठा प्रयोग बेल्जियमचा, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. ४,६४० पेशंट. नळीने पुरेसं जात नसेल तर उरलेलं शिरेतून पहिल्या दोन दिवसांतच भरून काढायचं की आठव्या दिवसापर्यंत थांबायचं, एवढाच प्रश्न होता. सगळ्यांना वाटत होतं की लवकर भरणारे जिंकतील. झालं उलट. थांबलेल्या गटात जंतुसंसर्ग कमी झाले आणि पेशंट लवकर बरे झाले.

दुसरा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा, २०१८ चा. जवळपास ४,००० पेशंट. हा मला इंजिनिअर म्हणून फार आवडला. दोन्ही गटांना नळीतून आहार सारख्याच वेगाने, फक्त एकाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ कॅलरी आणि दुसऱ्याच्या दीड. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टर-नर्सलाही माहीत नाही. ९० दिवसांनी मृत्यूचं प्रमाण एका गटात २५.७ टक्के, जास्त कॅलरीवाल्यांत २६.८ टक्के. म्हणजे फरक नाही.

तिसरा फ्रान्सचा, २०२३ चा, आणि सगळ्यात टोकाचा. ३,००० पेक्षा जास्त पेशंट, सगळे व्हेंटिलेटरवर आणि रक्तदाब टिकवायच्या औषधांवर. एका गटाला पहिला आठवडा दिवसाला किलोमागे २५ कॅलरी, दुसऱ्याला फक्त ६. सत्तर किलोच्या माणसाचा हिशेब करा: एकीकडे १,७५०, दुसरीकडे ४२०! प्रोटीनही दुसऱ्या गटाला बरंच कमी. ९० दिवसांनंतरच्या मृत्यूंमध्ये ठोस फरक नाही. उलट कमीवाल्या गटात उलट्या, जुलाब, आतड्याचा रक्तपुरवठा तुटणं, हे सगळं कमी, आणि आयसीयूतून बाहेर पडण्याइतके ते थोडे आधी तयार झाले.

प्रोटीनचं काय? जिमवाल्या मित्रांनो, कान इकडे. सोळा देशांतल्या १,३०० पेशंटवर प्रयोग झाला. किलोमागे २.२ ग्रॅम किंवा जास्त विरुद्ध १.२ ग्रॅम किंवा कमी. जास्त प्रोटीनने पेशंट लवकर घरी गेले नाहीत. ज्यांची किडनी आधीच मार खात होती, त्यांच्यात तर जास्त प्रोटीन घातक ठरत असल्याची खूण दिसली.

मग सरळ नियम करू या का, की सगळ्यांना कमी द्या? इथेच थांबा. हे आकडे सरासरीचे आहेत. सरासरी पेशंट कुठल्याच बेडवर झोपलेला नसतो.

समजा, तीन बेड आहेत.

पहिल्या बेडवर तिशीतला मुलगा. बाईकचा अपघात, डोक्याला मार, पण कालपर्यंत धडधाकट, व्यवस्थित जेवणारा. रक्तदाब ठीक. याच्या नळीत पहिल्या ४८ तासांत हळू वेगाने आहार सुरू करायचा आणि रोज चढवत न्यायचा. युरोपातल्या आहारतज्ज्ञ-डॉक्टरांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं साधारण असं सांगतात: सुरुवातीला गरजेच्या ७० टक्क्यांच्या आत, तिसऱ्या दिवसानंतर ८० ते १०० टक्क्यांकडे, आणि प्रोटीन टप्प्याटप्प्याने किलोमागे १.३ ग्रॅमपर्यंत.

दुसऱ्या बेडवर पन्नाशीचे काका, सेप्टिक शॉकमध्ये. रक्तदाब टिकवायला औषधाचा डोस तासातासाला वाढतोय. अशा वेळी शरीर रक्त हृदय-मेंदूकडे वळवतं आणि आतड्याच्या वाट्याला कमी येतं. त्या आतड्याला काम दिलं तर ते भाग मरू शकतात. म्हणून इथे नळीतला आहार थांबवतात आणि औषधाचा डोस स्थिरावला की थोड्याने सुरू करतात. बाहेर बसलेल्या माणसाला मात्र दिसतं, "दोन दिवस झाले, उपाशी ठेवलंय."

तिसऱ्या बेडवर पासष्टीची आजी. सहा महिन्यांत दहा किलो वजन उतरलंय, गेले बारा-पंधरा दिवस चहा-बिस्किटावर आहे. हिला बघून कुणालाही वाटेल, हिला तर सगळ्यात जास्त द्या. आणि हिलाच एकदम दिलं तर ते जिवावर बेतू शकतं. दीर्घ उपासानंतर अचानक अन्न मिळालं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींमध्ये खेचलं जातं. रक्तात त्यांचा खडखडाट होतो. हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं होतं: उपासमारीतून वाचलेली माणसं पोटभर जेवणानंतर दगावत होती. म्हणून या आजीला आधी थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, रोज फॉस्फेटची तपासणी आणि मुंगीच्या पावलांनी आहार. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येच आणखी एक छोटा प्रयोग झाला होता, आहार सुरू केल्यावर फॉस्फेट घसरलेल्या ३३९ पेशंटवर. आयसीयूतून सुटल्यानंतरचे जिवंत दिवस हा त्यांचा मुख्य निकष होता आणि त्यात फरक आला नाही. पण काही दिवस कॅलरी आवरत्या घेतल्या त्या गटात ६० दिवसांनी ९१ टक्के लोक जिवंत होते, नेहमीच्या वेगाने चालू ठेवलेल्या गटात ७८ टक्के.

तीन बेड आणि तीन वेगळी उत्तरं. आणि "किलोमागे २५ कॅलरी" हे सूत्र तिघांनाही लागू केलं असतं तर? आमच्या भाषेत सांगायचं तर ती डिफॉल्ट व्हॅल्यू आहे. सुरुवातीला हाताशी काहीतरी हवं म्हणून ठेवलेली. ती बदलायचीच नाही, असं कुणी म्हटलेलं नाही.

बरं, त्या सूत्रातला "किलो" तरी खरा आहे का? आयसीयूत पेशंटला भरपूर पाणी दिलं जातं. अंगाला सूज येते. पाच-सहा लिटर पाणी अंगात साठलं की काटा पाच-सहा किलो जास्त दाखवतो, पण त्या पाण्याला जेवण लागत नाही. उलट खूप लठ्ठ माणसाचं पूर्ण वजन धरलं तर आकडा अवाच्या सवा येतो. गरज मोजायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे श्वासातून किती ऑक्सिजन आत गेला आणि किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते मशीनने मोजून त्यावरून खर्च होणारी ऊर्जा काढणं. पण हे मशीन महाग असतं, सगळीकडे नसतं. मग सूत्रं वापरतात. त्यातलं एक प्रसिद्ध सूत्र १९१९ चं आहे, हॅरिस आणि बेनेडिक्ट यांचं, आणि ते निरोगी माणसांच्या मोजमापांवर बांधलेलं आहे. आज रात्री १०४ ताप असलेल्या आणि उद्या सकाळी झोपेच्या औषधाखाली शांत पडलेल्या त्याच माणसाची गरज वेगळी असते. म्हणून आकडा एकदा काढून भिंतीवर चिकटवायचा नसतो, तो परत परत तपासायचा असतो.

आणि लपलेल्या कॅलरी! हे वाचून मी उडालोच. पेशंटला झोपवून ठेवायला प्रोपोफॉल नावाचं पांढरं, दुधासारखं औषध देतात. ते तेलात विरघळवलेलं असतं. दर मिलिलिटरला १.१ कॅलरी. ताशी २० मिलिलिटरने चोवीस तास चाललं तर पाचशेच्या वर कॅलरी झाल्या, त्याही फक्त फॅटच्या. हिशेबात धरल्या नाहीत तर जेवण जास्त होतं. आणि त्या भरून काढायला जेवण कमी केलं, तर सोबत प्रोटीनही कमी होतं. मग प्रोटीन वेगळं वाढवावं लागतं.

याच्या उलटही घडतं. कागदावर १,५०० कॅलरी लिहिलेल्या असतात. प्रत्यक्षात सीटी स्कॅनला नेलं, नळी बंद. ऑपरेशन, नळी बंद. उलटी झाली, बंद. दिवसाच्या शेवटी गेल्या ९००. यावर कॅनडातल्या डॉक्टरांनी एक साधी युक्ती पुढे आणली: तासाचा वेग ठरवण्याऐवजी चोवीस तासांचं एकूण ठरवायचं आणि मध्ये खंड पडला की उरलेल्या तासांत नर्सने वेग वाढवून ते गाठायचं. साधा भागाकार आहे, पण तो बेडजवळच्या माणसाच्या हातात दिला आहे.

आता आपल्याकडचं. भारतातल्या क्रिटिकल केअर डॉक्टरांच्या संस्थेने २०१८ मध्ये आपल्या परिस्थितीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात नळीसाठी घरच्या किंवा किचनमधल्या मिक्सरवरच्या आहारापेक्षा तयार फॉर्म्युला आहाराकडे कल आहे. आपल्याला वाटतं, घरची पेज, डाळीचं पाणी, नाचणीचं सत्त्व यापेक्षा पावडर कशी चांगली? कारण साधं आहे. मिक्सरमधल्या मिश्रणात जंतू जायचा धोका असतो, नळी तुंबते, आणि आत नेमकं किती गेलं याचा पत्ता लागत नाही. डाळीच्या पातळ पाण्यात प्रोटीन नावालाच असतं. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाचं ९१ ग्रॅम प्रोटीन हवं असेल आणि एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असेल, तर डाळीच्या पाण्यावर कुठे पोचणार?

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. आपण नातेवाईक घाबरतो कधी? पहिल्या आठवड्यात. तेव्हा कमी आहार बहुतेकदा चालतो, काही वेळा तोच बरा असतो. आणि निर्धास्त कधी होतो? नळी निघाली, पेशंट वॉर्डात आला, "आता जेवतोय" असं डॉक्टर म्हणाले की. आणि खरी पोकळी तिथे तयार होते.

लंडनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६३ पेशंटच्या मांडीचा स्नायू अल्ट्रासाऊंडने मोजत गेले. दहा दिवसांत त्याचा आकार सरासरी १७.७ टक्के घटला होता. हा स्नायू परत कमवायचा काळ म्हणजे वॉर्ड आणि घर. ताणाची हार्मोन्स ओसरलेली असतात, शरीर बांधायला तयार असतं, आता त्याला भरपूर प्रोटीन आणि कॅलरी हव्या असतात, सोबत हालचाल. आणि नेमकं याच वेळी पेशंटच्या घशाला नळीने सूज असते, तोंडाला चव नसते, दोन घासांत दम लागतो, गिळताना ठसका लागतो. ताट येतं आणि तसंच परत जातं. नळीतून गेलेलं तासातासाला लिहिलं जात होतं. ताटातलं कोण लिहिणार?

आम्ही ते लिहिलं. मामा वॉर्डात आले तेव्हा मी फोनवर एक साधी शीट केली आणि मामी, मामेभाऊ आणि मी, तिघांत शेअर केली. वेळ, पदार्थ, किती खाल्लं. "सकाळी उपमा, चार चमचे." "दुपारी मऊभात अर्धी वाटी, वरण नको म्हणाले." "अंडं अर्धं." दोन दिवसांनी बेरीज केली तर गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नव्हतं. ती शीट डाएटिशियन मॅडमना दाखवली. त्यांनी पाच मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, "हे मला रोज पाठवत जा." मग दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, दुधात प्रोटीन पावडर, जेवणाआधी पाणी न देणं असे बदल झाले आणि गिळण्याची तपासणी झाली. मामा आता ठीक आहेत. ते शीटमुळे बरे झाले असं मी अजिबात म्हणणार नाही. पण त्या दोन घासांचा आकडा समोर नसता तर "जेवतायत हो" यावरच गाडं चाललं असतं.

म्हणून जाता जाता दोन कामं सांगतो. फोनमध्ये टिपून ठेवा.

कुणी आपलं माणूस आयसीयूत गेलं, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना या गोष्टी सांगा: आजाराआधीचं वजन आणि उंची. गेल्या सहा महिन्यांत वजन उतरलं का. गेले दहा-पंधरा दिवस खरोखर किती खात होते. दारू रोजची आहे का. आणि इथे लाजू नका, लपवू नका, कारण रीफीडिंगचा धोका यावर ठरतो. डायबेटिस, किडनी, लिव्हर, अ‍ॅलर्जी. या गोष्टी कुठल्याच मॉनिटरवर दिसत नाहीत, फक्त घरच्यांना माहीत असतात. आणि "पोटात काही गेलं का?" याऐवजी विचारा, "आजचं ठरलेलं किती होतं, गेलं किती, आणि उद्याचा विचार काय आहे?" नर्सला न विचारता चमचाभर पाणीसुद्धा पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊ शकतं.

आणि वॉर्डात आल्यावर ताट मोजायला लागा. सलग दोन-तीन दिवस निम्म्याच्या खाली खाणं असेल तर डाएटिशियनना स्वतःहून बोलवा. नळी परत घालायची वेळ आली तर ती हार समजू नका. घरी गेल्यावरही काही आठवडे हे चालू ठेवा.

बस, आज एवढंच. तुमच्या घरी कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, किंवा आयसीयूत काम करणाऱ्या नर्स, डाएटिशियन, डॉक्टर कुणी ऐकत असाल तर माझं काही सुटलं असेल ते जरूर सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. आणि हा भाग आपल्या घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा. गरज न पडो, पण पडली तर सापडायला हवा.

चला, काळजी घ्या, वेळेवर जेवा. भेटू पुढच्या भागात!